ली हुआचे पत्र

आमच्या ई-मेलच्या पेटीत एक पत्र २०२० सालच्या जुलै महिन्यापासून उत्तरावाचून पडून होते. पत्र इंग्रजीत, साधारण दोनशे शब्दांचे, चीनच्या हेबेई प्रांतातून आलेले. आरंभी ‘हे पत्र मिळेल तेव्हा आपण सर्व कुशल असाल अशी आशा आहे’ अशा अर्थाचे वाक्य. मग ‘प्रथमतः’, ‘दुसरे असे की’, ‘इतकेच नव्हे तर’ अशी शिस्तीत उभी राहिलेली वाक्यांची रांग. आणि शेवटी ‘आपल्या उत्तराची आतुरतेने वाट पाहत आहे’. पहिल्या वाचनात आम्हांला हसू आले होते, हे कबूल केले पाहिजे. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. वर्षातून दोनदा उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी येतात आणि साचेबंद वाक्य दिसले की गुण देणारा हात आपोआप आखडतो. ते पत्र वाचतानाही तो हात असाच आखडला. प्रस्तुत लेख त्या हसण्याविषयी आणि त्या आखडलेल्या हाताविषयी आहे.

पत्र लिहिणारीचे नाव येथे देत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात ती आमच्या इमारतीत, आमच्या वरच्याच मजल्यावर राहायला आली. वय चोवीस. चाकणच्या बाजूला एका चिनी कंपनीत ती दुभाष्याचे काम करी. कंपनीत तिचे इंग्रजी चाले. पण मंडईत ते चालेना आणि हिंदी तिला येईना. एका संध्याकाळी जिन्यात गाठून तिने, आम्ही भाषेचे शिक्षक आहोत असे कळले, तेव्हा मराठी शिकवाल का, असे विचारले. मग रविवारची सकाळ ठरून गेली. आम्ही तिला ‘पाव किलो’, ‘सुटे पैसे’, ‘जरा बाजूला घ्या’ शिकवू लागलो आणि मोबदला म्हणून ती गव्हाच्या पिठाच्या पारीत भाजी भरून उकडलेल्या लहान करंज्या करून आणू लागली.

पहिल्याच भेटीत आमच्या मुलीने तिला ‘हाउ आर यू?’ म्हणून विचारले आणि कळ दाबावी तसे उत्तर आले, ‘आय अ‍ॅम फाइन, थँक यू. अँड यू?’ मग ती स्वतःच हसली. म्हणाली, चीनमध्ये कोणालाही झोपेतून उठवून हा प्रश्न विचारा, हेच उत्तर मिळेल. तिच्या थोरल्या मावस-बहिणींची पिढी ज्या पुस्तकांवर वाढली ती १९९० च्या सुमारास पीपल्स एज्युकेशन प्रेसने लाँगमन या ब्रिटिश प्रकाशनसंस्थेच्या साहाय्याने काढली होती. त्यांत ली लेइ नावाचा मुलगा होता, हान मेइमेइ नावाची मुलगी होती, जिम ग्रीन हा इंग्रज वर्गमित्र होता आणि पॉली नावाचा पोपट होता. चीनमधील एका अख्ख्या पिढीला ही मंडळी आपल्या वर्गातल्या मुलांइतकी ओळखीची आहेत. हिशेब केला तेव्हा ध्यानात आले की, ती पिढी म्हणजे वयाने आमचीच. आम्ही तालुक्याच्या गावी पाचवीत पहिल्यांदा एबीसीडी गिरवत होतो त्याच सुमारास तिकडे ही मुले ली लेइची विचारपूस पाठ करीत होती. आमच्या घरी त्या काळी तर्खडकरांची भाषांतर पाठमालाही होती. तिच्यातील वाक्ये कोण कोणाला, कुठे आणि कशासाठी बोलतो, याचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही. परकी भाषा प्रथम भेटते ती अशीच, स्वतःकडे सांगण्यासारखे काही नसलेल्या माणसांच्या तोंडून.

एका रविवारी मुलीचे पत्रलेखनाचे पुस्तक टेबलावर पडले होते. पाहुणीने ते अक्षर लावून वाचण्याचा प्रयत्न केला आणि प्रत्येक पत्राच्या तळाशी येणारी तीन अक्षरे दाखवून विचारले, ‘हे अ.ब.क. कोण?’ परीक्षेत स्वतःचे नाव लिहायचे नसते, ओळख पटू नये म्हणून असे लिहितात, असे आम्ही सांगितले. ती खूप वेळ हसत राहिली. मग म्हणाली, ‘हा तर तुमचा ली हुआ!’ ली हुआशी आमची ओळख झाली ती अशी.

चीनमधील महाविद्यालयीन प्रवेशाच्या परीक्षेला गाओकाओ म्हणतात. २००३ पासून ती दर वर्षी ७ जूनला सुरू होते. एकूण गुण ७५०. त्यांत चिनी भाषा, गणित आणि परकी भाषा यांना प्रत्येकी १५०. परकी भाषा म्हणून रशियन, जपानी, जर्मन, फ्रेंच किंवा स्पॅनिशही घेता येते. पण बहुतेकांची परकी भाषा म्हणजे इंग्रजी. तो पेपर ८ तारखेला दुपारी असतो. त्या दोन दिवसांत परीक्षाकेंद्रांच्या आसपास बांधकामे थांबतात, वाहने भोंगे वाजवीत नाहीत. या पेपरात मुलांना एक पत्र लिहावे लागते आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून त्या प्रश्नाची सुरुवात बहुधा एकाच वाक्याने होत आली आहे: ‘समजा, तुम्ही ली हुआ आहात.’

ली हे चीनमधील अत्यंत सर्वसामान्य आडनाव. हुआ म्हणजे वैभव, आणि स्वतः चीनचेही ते एक नाव. ते मुलाला चालते आणि मुलीलाही. हा ली हुआ तीस वर्षांत ना वयाने वाढला ना त्याच्या मैत्रीला खंड पडला. २०१५ मध्ये त्याने पीटर नावाच्या अमेरिकन मित्राकडे शाळेच्या इंग्रजी नियतकालिकासाठी लेख मागितला. २०१६ मध्ये सुट्टीतल्या नोकरीचा अर्ज तपासून द्यावा म्हणून परदेशी बाईंना विनंती केली. २०१७ मध्ये लेस्ली या इंग्रज मित्राला थांग काळातील कविता शिकवण्याचा बेत कळवला. २०१८ मध्ये न्यूझीलंडच्या टेरीला, चिनी घरी पाहुणा म्हणून जाताना काय रीत पाळावी, हे समजावून दिले. २०१९ मध्ये तो लंडनमध्ये होता आणि चिनी चित्रांच्या प्रदर्शनात स्वयंसेवक होण्यासाठी अर्ज करीत होता. साहित्याच्या शिक्षकांना मोह होतोच, म्हणून आम्ही या पात्राची लक्षणे मांडून पाहिली. ली हुआ कधी रागावत नाही. त्याला घर आहे असे दिसत नाही. असलेच तर त्यात कोणी आजारी पडत नाही. तो नेहमी मदतीला तयार असतो, नेहमी आपल्या संस्कृतीविषयी माहिती देत असतो, आणि त्याच्या एकाही पत्राला कधी उत्तर आलेले नाही. चिनी मुले यावर विनोद करतात. इतकी वर्षे हा बिचारा लिहितो आहे आणि त्या परदेशी मित्रांना दोन ओळी खरडायला सवड नाही!

तिने हा विनोद आम्हांला सांगितला तेव्हा आम्हीही हसलो. तो पुढे आमच्यावरच उलटेल असे तेव्हा वाटले नव्हते.

ली हुआ होण्यासाठी तिने काय केले, ते ती तुकड्यातुकड्याने सांगत गेली. आईवडील शेतकरी, गहू आणि मका पिकवणारे. पण शेतीत भागेना म्हणून वर्षाचे दहा महिने दूरच्या शहरातील कारखान्यांत. तिला वाढवले आजीने. तिसरीपासून इंग्रजी शिकवावे असे धोरण २००१ मध्ये सरकारने आखले होते. पण तिच्या गावच्या शाळेत इंग्रजीचा शिक्षकच नव्हता, त्यामुळे भाषेची गाठ पडली ती थेट माध्यमिक शाळेत. पुढे जिल्ह्याच्या गावी वसतिगृहात. पहाटे साडेपाचला उठून मैदानावर रांगेत उभे राहायचे आणि हातातील कागदावरचे शब्द मोठ्याने म्हणायचे. परीक्षेसाठी सुमारे साडेतीन हजार शब्द येणे अपेक्षित असते. त्यांची जाडजूड पुस्तके मिळतात, अकारविल्हे लावलेली, आणि अगदी आरंभीच शब्द येतो ‘अबॅन्डन’, म्हणजे सोडून देणे. दर सुट्टीत नव्या निश्चयाने पुस्तक उघडायचे, ‘अबॅन्डन’ पाठ करायचा आणि पुस्तक मिटायचे, हा तिकडचा सार्वत्रिक अनुभव. तिने मात्र ते शेवटपर्यंत नेले, तीनदा.

पेपरात एक उतारा असे. त्यात दहा चुका पेरलेल्या असत. त्या हुडकून दुरुस्त करायच्या. तीन वर्षे तो अभ्यास केल्यामुळे, ती म्हणाली, पुढे तिला इंग्रजी वाचताना अर्थाआधी चुका दिसू लागल्या. पुण्यातल्या उपाहारगृहांतील पदार्थांच्या यादीवर तिने पेन्सिल चालवलेली आम्ही पाहिली आहे. बोलण्याची वेळ आली की मात्र तोंडाला कुलूप. कारण बोलताना आपण स्वतःच चुका पेरतो आहोत असे वाटत राही.

आणि अक्षर. उत्तरपत्रिका छाननीयंत्रातून संगणकावर जातात. पत्र दोन परीक्षक स्वतंत्रपणे तपासतात, दोघांच्या गुणांत फार अंतर पडले तर तिसऱ्याकडे जाते. परीक्षकापाशी वेळ थोडा असतो, म्हणून अक्षर छापल्यासारखे गोल, सुटे, एकाच उंचीचे हवे. तिच्याच प्रांतातील हंगश्वी हे गाव तेथल्या शाळेच्या कडक शिस्तीसाठी चीनभर प्रसिद्ध आहे आणि त्या गावाच्या नावाने अशा इंग्रजी अक्षराची एक धाटणीच रूढ झाली आहे. तिने आम्हांला ते लिहून दाखवले. खरोखरच छापील मजकूर वाटला. ‘माझ्या वर्गातील साठ मुलांचे अक्षर असेच होते,’ ती म्हणाली. त्यात अभिमान होता की तक्रार, ते आम्हांला कळले नाही.

पत्राचा साचाही असाच घोटलेला. आरंभ, शेवट आणि मधले सांधे, सारे पाठ. प्रश्नपत्रिकेत मुद्दे दिलेले असतात. ते आले पाहिजेत. फक्त एक मुभा असते. प्रश्नाखाली एक सूचना येते: लेखन सलग वाटावे यासाठी योग्य तो तपशील घालण्यास हरकत नाही. तिच्या मते साऱ्या पेपरात आपले म्हणता येईल अशी एवढीच जागा. सरावाच्या एका पेपरात ली हुआने परदेशी मित्राला आपल्या गावी बोलावले होते. तिने तपशील घातला: आजीच्या अंगणात एक झाड आहे, शरदात त्याला नारिंगी फळे लागतात, आजी ती सोलून दोरीला टांगून वाळवते. चीनच्या उत्तरेत ते झाड घरोघर असते. फळ दिसायला टोमॅटोसारखे. पण त्या फळाचे इंग्रजी नाव साडेतीन हजारांच्या यादीत तिला सापडेना. मग तिने तिथे ‘सफरचंद’ लिहिले. सफरचंदे काही कोणी दोरीला टांगून वाळवत नाही. तरी गुण पूर्ण मिळाले. हे सांगून तिने मोबाइलवर त्या झाडाचे चित्र दाखवले. आम्हांलाही त्याचे नाव माहीत नव्हते, ना मराठीत ना इंग्रजीत.

त्या रात्री आम्ही दोघे बराच वेळ याविषयी बोलत होतो. भाषा माणसाने स्वतःला व्यक्त करण्यासाठी असते, असे आम्ही वर्गात पंधरा-वीस वर्षे सांगत आलो होतो. आणि इथे एक प्रचंड यंत्रणा अशी की, तिच्यात नाव दुसऱ्याचे, अक्षर सर्वांचे, मुद्दे प्रश्नकर्त्याचे आणि झाडसुद्धा आपले नाही! आमचा निकाल लागून गेला होता: ही भाषेची विटंबना आहे.

पुढच्या रविवारी आम्ही हे मत तिला ऐकवले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच म्हटले, ‘मॅडम, माझे खरे नाव लिहिले असते तर मला कोणी गुण दिले असते?’

या उत्तराचा अर्थ नीट कळायला आम्हांला पुस्तके उघडावी लागली. परीक्षार्थीचे नाव झाकण्याची कल्पना चीनमध्ये हजार वर्षांहून जुनी आहे. सुंग राजवटीत शासकीय परीक्षांच्या उत्तरपत्रिकांवरील नाव कागद चिकटवून झाकू लागले. पण नाव झाकले तरी अक्षर बोलते; म्हणून अकराव्या शतकाच्या आरंभी लेखनिक बसवून प्रत्येक उत्तरपत्रिकेची नक्कल करवून घेण्याची सोय झाली. परीक्षक वाचत तो नकलेचा कागद. मंत्र्याचा पुत्र कोणता आणि गावच्या शिक्षकाचा कोणता, हे परीक्षकाला कळू नये यासाठी हा सगळा खटाटोप. पुढे मिंग आणि छिंग काळात आठ ठरीव भागांचा निबंध आला. त्यात उमेदवाराने स्वतःचे मत मांडायचे नसे, प्राचीन ऋषितुल्य पुरुषांच्या मुखाने बोलायचे असे. म्हणजे ‘समजा, तुम्ही कन्फ्यूशियस आहात’. ही परीक्षा १९०५ मध्ये बंद झाली. तिच्या कृत्रिमपणावर चिनी विचारवंतांनीच कोरडे ओढले आहेत आणि ते योग्यच आहे. परंतु नाव आणि अक्षर पुसून टाकण्यामागची मूळ प्रेरणा न्यायाची होती, हे विसरून चालत नाही. वसतिगृहातली ती मुलगी हंगश्वी धाटणीचे अक्षर गिरवीत होती, तेव्हा जुन्या लेखनिकाचे काम आता तिचे तीच करीत होती, आणि तेही कारखान्यातल्या मजुराची मुलगी म्हणून आपण ओळखू येऊ नये यासाठी.

याची उलट बाजूही चीनने पाहिली आहे. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, १९६६ पासून, प्रवेशपरीक्षा बंद पडली आणि शिफारशीवर प्रवेश मिळू लागले. १९७३ च्या उन्हाळ्यात हनान प्रांतातील एका ग्रामीण शाळेत पंधरा वर्षांच्या मुलीने इंग्रजीच्या उत्तरपत्रिकेवर उत्तरांऐवजी चार ओळी लिहिल्या. भाव असा की, मी चिनी आहे, मला परकी भाषा कशाला हवी, एबीसी न शिकताही मी क्रांतीचा वारसा चालवीन. शाळेने तिला खडसावले आणि तिने पाण्यात जीव दिला. पुढच्या वर्षी तिच्या मृत्यूचे राजकारण झाले, तिच्या शिक्षकांना तुरुंगवास घडला, आणि देशभर शिक्षकांविरुद्ध मोहीम निघाली. इंग्रजीच्या उत्तरपत्रिकेवर स्वतःचा आवाज उमटवणारी ही मुलगी आम्ही अनेक दिवस विसरू शकलो नाही. त्या आवाजातही तिचे स्वतःचे किती आणि भिंतींवरच्या घोषणांचे किती, हे कोण सांगणार? साचा तोही होताच.

१९७७ च्या डिसेंबरात परीक्षा पुन्हा सुरू झाली, तेव्हा सुमारे ५७ लाख उमेदवार बसले आणि जागा मिळाल्या २ लाख ७० हजारांच्या आसपास. परकी भाषेचे गुण आरंभी पुरते धरले जात नसत. हिस्सा वाढत वाढत १९८३ पासून ते पूर्ण धरले जाऊ लागले. २०२४ मध्ये परीक्षेला नाव नोंदवणाऱ्यांची संख्या १ कोटी ३४ लाख २० हजार होती. एवढ्या जमावात ज्याच्यामागे ना पैसा ना ओळख, त्याने कोणत्या दारातून आत जावे? ली हुआ हे त्या दाराचे नाव आहे. दारातून वाकून जावे लागते म्हणून हसायचे, तर आपण आधीपासूनच आत बसलेलो आहोत, हे तरी आठवावे.

आणि आम्ही कोणत्या दारातून आत आलो? इंग्लंडमध्ये सनदी नोकऱ्यांसाठी खुल्या परीक्षा घ्याव्यात की नाही, हा वाद एकोणिसाव्या शतकात रंगला तेव्हा चीनचे उदाहरण त्यात पुन्हापुन्हा येत होते. हिंदुस्थानातील सनदी सेवेसाठी अशी पहिली खुली परीक्षा लंडनमध्ये १८५५ मध्ये झाली. मुंबई विद्यापीठ १८५७ चे आणि त्याची पहिली मॅट्रिक १८५९ ची. पहिल्या तुकडीत रानडे आणि भांडारकर होते. झाकलेल्या नावाची कल्पना अशा वळणावळणाने आमच्या बैठक क्रमांकापर्यंत आणि अ.ब.क.पर्यंत पोचली असेल, तर पाहुणीला तो ओळखीचा वाटला यात नवल नव्हते. फरक एवढाच की, ज्या भाषेला आपल्याकडे वाघिणीचे दूध म्हणत, ते आमच्यापैकी एकाच्या घशाखाली कधी नीट उतरलेच नाही. बारावीला इंग्रजीत शंभरांपैकी ४१ गुण पडले. मराठीवर प्रेम होते हे खरेच, पण बी.ए.ला मराठी घेण्यामागे त्या ४१ गुणांचाही हात होता, हे वर्गात कधी सांगितले नाही. लेखात सांगण्याचीही ही पहिलीच वेळ.

आता त्या पत्राकडे येतो. २०२० च्या जानेवारीत ती वसंतोत्सवासाठी घरी गेली. ‘पंधरा दिवसांत येते,’ असे मराठीत सांगून गेली आणि भात शिजवण्याचे विजेचे भांडे आमच्याकडे ठेवून गेली. मग महासाथ आली, रस्ते बंद झाले, विमाने बंद झाली. वीचॅटवर अधूनमधून निरोप येत. जूनच्या मध्यात गलवान खोऱ्यात आपले वीस जवान धारातीर्थी पडले आणि महिनाअखेरीस भारत सरकारने वीचॅटसह ५९ उपयोजनांवर बंदी घातली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ते पत्र आले.

पत्रात प्रथमतः आमची आणि मुलीची विचारपूस होती. दुसरे असे की, धाकट्या भावाची परीक्षा महासाथीमुळे एक महिना पुढे गेली असून ती दोन दिवसांवर आली आहे. इतकेच नव्हे तर, फेब्रुवारीत आजी वारली. गावाचे रस्ते अडवलेले असल्यामुळे जिल्ह्याच्या गावाहून तिला जाता आले नाही. त्यानंतर एक वाक्य होते, ज्यात एक अनोळखी इंग्रजी शब्द होता. आणि ‘लास्ट बट नॉट लीस्ट’, ते भांडे आम्ही वापरावे किंवा कोणा गरजूला द्यावे. आतुरतेने उत्तराची वाट पाहत आहे.

‘इतकेच नव्हे तर आजी वारली’ या जोडणीवर आम्ही अडखळलो. असे कोणी लिहिते का, असेही आम्ही एकमेकांना म्हणालो. मग उत्तर लिहायला बसलो, आणि बसूनच राहिलो. मृत्यूच्या बातमीला इंग्रजीत काय लिहावे? मराठीत सांत्वनाचे शब्द आपोआप येतात. तेही घोटलेलेच असतात, फक्त ते लहानपणापासून कानांवर पडल्यामुळे साचे वाटत नाहीत. इंग्रजीत प्रत्येक वाक्याला चुकीचा धाक. जी मुलगी पदार्थांच्या यादीतल्या चुका काढते तिला आम्ही प्राध्यापक असे काय लिहून पाठवणार? उद्या शांतपणे लिहू, असे ठरले. त्याच दिवसांत इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर चिनी वस्तूंविषयी आणि चिनी माणसांविषयी नाही नाही ते येत होते, आणि वरच्या मजल्यावरच्या ‘तिच्या’विषयीही कोणी काही लिहिले. आम्ही गप्प राहिलो. तीही एक सबब झाली. उद्याचा महिना झाला, महिन्याचे वर्ष. आणि एवढ्या उशिरा लिहिण्याची लाज मूळ लाजेहून मोठी झाली.

२०२४ च्या जूनमध्ये वर्तमानपत्रात त्या परीक्षेची बातमी वाचली आणि चार वर्षांनी पत्र पुन्हा उघडले. या वेळी शब्दकोश जवळ घेतला. तो अनोळखी शब्द होता ‘पर्सिमन’. वाक्याचा अर्थ असा होता: काकांनी आजीचे घर बंद केले आहे आणि या शरदात पर्सिमन सोलून टांगायला तिथे कोणी नसेल.

म्हणजे तिने तो शब्द मिळवला होता. सराव-परीक्षेत सफरचंदावर भागवलेल्या मुलीने, कोणी गुण देणार नसताना, त्या झाडाचे खरे नाव कोशातून हुडकून काढले आणि ज्यांना ती गोष्ट सांगितली होती त्यांनाच लिहून पाठवले. साचा तोच होता. त्यात योग्य तो तपशील घातलेला होता. आम्ही साहित्याचे शिक्षक, ओळींच्या मधले वाचण्याचा पगार घेणारे. आम्ही ‘लास्ट बट नॉट लीस्ट’ला हसलो आणि तो शब्द येत नाही म्हणून ओलांडून पुढे गेलो. कोश हाताच्या अंतरावर होता.

तेव्हापासून उत्तरपत्रिका तपासताना थोडा वेळ अधिक लागतो. मार्गदर्शक पुस्तिकेतील वाक्ये आजही तशीच येतात, त्यांना गुणही जेवढे द्यायचे तेवढेच देतो. पण त्यांच्या रांगेत एखादे वाक्य पुस्तिकेतले नसते. ग्रामीण कादंबरीवरील प्रश्नाच्या उत्तरात मध्येच कोणी लिहून जातो की, आमच्याकडेही विहीर आटली तेव्हा बैल विकले. शब्द मोडके असतात, संदर्भ सुटलेला असतो. पूर्वी आम्ही अशा वाक्याखाली ‘अप्रस्तुत’ अशी लाल रेघ ओढीत असू. आता रेघ ओढवत नाही.

पत्राचे उत्तर मात्र त्यानंतरही लगेच गेले नाही. लेख लिहिणे पत्रापेक्षा सोपे असते, हे येथवर आलेल्या वाचकाच्या ध्यानात आलेच असेल. अखेर गेल्या रविवारी, ज्या वेळी ती मराठी शिकायला येत असे त्या वेळी, दोघे बसलो. ‘आपण सर्व कुशल असाल अशी आशा आहे’ यानेच सुरुवात केली. दुसरे आम्हांलाही येत नव्हते. प्रथमतः क्षमा मागितली. दुसरे असे की, आजीविषयी लिहिले. इतकेच नव्हे तर, ते भांडे आम्ही कोणाला दिले नाही, मुलगी त्यातच भात लावते, आणि झाकणावरची चिनी अक्षरे घासूनघासून पुसट झाली आहेत, हे लिहिले. व्याकरणाच्या चुका राहिल्या असतील. तिला त्या दिसतील.

पत्ता अजून चालू आहे की नाही, कळायला मार्ग नाही. पत्र परत आले नाही एवढे खरे. तळाशी आम्ही दोघांची पूर्ण नावे लिहिली, देवनागरीत. ती अक्षरे तिला वाचता येतात.